खिंडीवरचा बर्फ घरबसल्या : कोपर्निकस ब्राउझर वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. डोंगरात बर्फ कुठपर्यंत उतरलाय हे बघायला, उपग्रहांनी काढलेल्या प्रतिमा दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळाइतकी चांगली फुकट सोय माझ्या माहितीत दुसरी नाही. हिमनद्यांसाठी तो उपयोगी आहे, पण जपून. गोठलेल्या जमिनीबद्दल मात्र त्याला काही विचारूच नका.

मी गिर्यारोहकांच्या मोहिमा आखते. परवाने, माणसं, दोर ही सगळी नंतरची गोष्ट. पहिला प्रश्न असतो खिंड उघडली का. पूर्वी याचं उत्तर मिळवायचं म्हणजे वरच्या वस्तीतल्या कुणाला तरी फोन लावायचा. पलीकडून उत्तर यायचं, ‘आहे थोडा.’ थोडा म्हणजे घोट्याएवढा की कमरेएवढा, हे सांगणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून. आता मी आधी ब्राउझर उघडते आणि मग फोन करते. त्यामुळे फोनवर नेमकं काय विचारायचं ते तरी ठाऊक असतं.

ही सोय युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाची. त्यातले सेंटिनेल-२ उपग्रह आपल्याला बघता येतील असे रंगीत फोटो काढतात. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर गुणिले 10 मीटरचा तुकडा. दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरसुद्धा दर 5 दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. नुसतं बघायला खातं लागत नाही. प्रतिमा उतरवून घ्यायच्या किंवा टाइमलॅप्स करायचा तर लागतं, तेही मोफत. नकाशा सरकवायचा, तारीख निवडायची, झालं.

10 मीटर ऐकायला बारीक वाटतं. प्रत्यक्षात 40 मीटर रुंदीची खिंड म्हणजे चार ठिपके. खिंड पांढरी आहे की करडी, एवढं नक्की कळतं. कड्यावर लोंबणारी बर्फाची कॉर्निस, वाटेतली अरुंद क्रेव्हास म्हणजे हिमनदीतली भेग, पहाटे कडक आणि दुपारी भुसभुशीत होणारा उतार, यातलं काहीही कळत नाही. बर्फाची जाडी तर अजिबातच नाही. चार बोटं बर्फ आणि छातीएवढा बर्फ वरून सारखाच पांढरा. मोहिमेतल्या नवीन पोरांना मी हे वारंवार सांगते, कारण स्क्रीनवर स्वच्छ चित्र दिसलं की माणसाला उगाच आत्मविश्वास येतो.

पहिल्यांदा उघडणाऱ्याची हमखास फसगत ढगांमुळे होते. साध्या रंगांत ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. अशा वेळी डावीकडच्या यादीतून ‘एसडब्ल्यूआयआर’ म्हणजे लघुतरंग अवरक्त हा पर्याय निवडा. या तरंगलांबीत बर्फ प्रकाश शोषून घेतो, तर पाण्याच्या थेंबांचे ढग तो परत फेकतात. त्यामुळे बर्फ निळसर-हिरवट होतो, ढग पांढरेच राहतात, आणि गुंता सुटतो. मघाशी सगळं दूध सांडल्यासारखं दिसणारं खोरं क्षणात वाचता येऊ लागतं. मला या ब्राउझरमधलं सगळ्यात आवडलेलं बटण हेच. उंचावरचे, बर्फकणांचे विरळ ढग मात्र इथेही थोडी फसवाफसवी करतात.

त्याच यादीत एनडीएसआय, म्हणजे बर्फ ओळखायचा निर्देशांक आहे. हिरवा प्रकाश आणि लघुतरंग अवरक्त यांच्यातला फरक भागिले त्यांची बेरीज, असं साधं गणित. आकडा साधारण 0.4 च्या वर गेला की तिथे बर्फ आहे असं धरतात. पण पाण्यालाही हा आकडा वर नेता येतो. त्यामुळे डोंगरातलं निळंशार तळं त्या थरात दिमाखात बर्फ म्हणून मिरवतं. साध्या रंगांत एकदा खात्री केल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका.

ढगांचं प्रमाण ठरवायची एक पट्टी आहे. ती मी सरळ शंभर टक्क्यांवर ठेवते. कारण ते प्रमाण सुमारे 100 किलोमीटर बाजूच्या अख्ख्या चौकोनासाठी मोजलेलं असतं. चौकोन सत्तर टक्के झाकलेला असेल, पण तुमचं खोरं नेमकं उरलेल्या तीस टक्क्यांत असू शकतं. शिवाय ढग ओळखणारी गणितं डोंगरात बर्फालाच ढग समजतात. पट्टी वीस टक्क्यांवर ओढली की भर हिवाळ्यातले सुरेख दिवस यादीतून गायब होतात. एकेक तारीख डोळ्यांनी बघायला वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही.

सावली ही आणखी एक गोष्ट. सेंटिनेल-२ स्थानिक सूर्यवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा सूर्य खालीच असतो, आणि उत्तर गोलार्धात उत्तरेकडचे उतार काळ्या सावलीत बुडालेले असतात. म्हणजे ज्या बाजूला बर्फ सगळ्यात जास्त टिकतो, तीच बाजू दिसत नाही. दोष कुणाचाच नाही, पण हिवाळी मोहीम आखणाऱ्याने हे धरून चालावं.

हिमनद्यांकडे वळते. इथे ब्राउझरचा उत्तम उपयोग म्हणजे उन्हाळा संपताना हिमरेषा बघणं. गेल्या हिवाळ्याचा बर्फ वितळत वितळत वर सरकतो आणि हंगामाच्या शेवटी एका उंचीवर थांबतो. त्या रेषेच्या वर हिमनदीची वर्षाची कमाई, खाली खर्च. रेषा दरवर्षी कुठे थांबते हे पाहिलं की त्या वर्षी हिमनदीचं कसं चाललं होतं याचा बराच अंदाज येतो. नव्या हिमवर्षावाच्या आधीची शेवटची स्वच्छ तारीख पकडता यायला हवी. मान्सूनच्या टापूत ते अवघडच, कारण ऐन वितळायच्या दिवसांत वर ढगांची चादर असते.

खालचं टोक बघून निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. हिमालयातल्या कितीतरी हिमनद्यांचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला आहे. गंगोत्रीचं बघा, खुंबूचं बघा. वरून तो भाग शेजारच्या उतारासारखाच करडा दिसतो, आणि एनडीएसआय तिथे सपशेल गप्प. दगडांचा थर जाड असेल तर खालचा बर्फ हळू वितळतो आणि टोक वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. हिमनदी मात्र त्याच जागी पातळ होत जाते. क्षेत्रफळ तेवढंच, वजन कमी.

वजन मोजायचं तर माणसाला वर जावंच लागतं. बर्फात भोक पाडून खुंट्या रोवायच्या, हंगामाच्या शेवटी त्या किती उघड्या पडल्या ते मोजायचं, वरच्या भागात खड्डे खणून बर्फाची घनता काढायची. स्वीडनमधल्या स्टोरग्लासियारेनवर हे काम 1945-46 पासून अखंड चालू आहे. आपल्याकडे हिमाचलातल्या छोटा शिगरीवर 2002 पासून. ब्राउझरमधल्या सेंटिनेल-२ ची आठवण सुरू होते 2015 मध्ये. त्याआधीचं बघायचं तर अमेरिकेच्या लँडसॅटकडे जा. त्याचा साठा 1972 पासूनचा आहे आणि 2008 पासून सगळ्यांना मोफत खुला आहे.

ढगांवरचा खरा उतारा म्हणजे त्याच ब्राउझरमधला सेंटिनेल-१. हा रडार, त्यामुळे ढग आणि अंधार दोन्ही त्याला सारखेच. प्रतिमा करडी, खरखरीत, पहिल्या नजरेत काहीच न कळणारी. पण ओला बर्फ त्यात काळवंडतो, कारण बर्फातलं पाणी रडारची लहर शोषून घेतं. कोरडा बर्फ मात्र या लहरीला जवळजवळ पारदर्शक असतो. म्हणजे वसंतात उतार कुठल्या उंचीपर्यंत ओले झालेत, हे ढगांच्या पडद्याआडूनही कळतं. आमच्या कामात ही माहिती सोन्यासारखी आहे. दोन तारखांची तुलना करताना उपग्रह उत्तरेकडे जातानाच्या प्रतिमा तशाच प्रतिमांशी जोडा, दक्षिणेकडे जातानाच्या तशांशीच. बाजू बदलली की कडेच वेगळ्या बाजूला झुकलेले दिसतात आणि नसलेले बदल सापडायला लागतात.

या तुलनेची ताकद बघायची तर सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर उघडा. 2023 च्या ऑक्टोबरमधल्या फुटीनंतर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहांवरून आकडे दिले होते : 28 सप्टेंबरला 167.4 हेक्टर, 4 ऑक्टोबरला 60.3 हेक्टर. ब्राउझरच्या ‘कंपेअर’मध्ये फुटीच्या आधीची आणि नंतरची प्रतिमा एकावर एक ठेवून मधली रेघ सरकवली की पाणी डोळ्यांदेखत आटतं. खाली चुंगथांगला धरण होतं. त्याचं काय झालं तेही दिसतं.

पण हे का झालं, ते त्या चित्रात नाही. नंतरच्या अभ्यासात निघालं की सरोवराच्या कडेचा गोठलेला मोरेन (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग), सुमारे 1 कोटी 47 लाख घनमीटर, पाण्यात कोसळला आणि 20 मीटरच्या आसपास उंच लाटा उठल्या. हिमनदी मागे हटतेय, तळं मोठं होतंय, हे कुणालाही वर्षानुवर्षं बघता येत होतं. मोरेनच्या पोटातलं तापमान वरून बघता येत नाही.

सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिचा रंगाशी संबंध नाही. ती उघड्या खडकाखाली असते, गवताखालीही असते. आणि गंमत म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीलाच भरपूर बर्फ पडला तर तो जमिनीवर गोधडीसारखा बसतो. तिची ऊब बाहेर जात नाही आणि ती कमी गोठते. म्हणजे लवकर पांढरा झालेला उतार बघून ‘इथे जमीन छान गोठली असेल’ असं म्हणणारा माणूस बरोबर उलटं बोलत असतो. तापमान कळायला जमिनीत तापमापकच घालावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या मुर्टेल इथलं भोक 1987 मध्ये पाडलेलं आहे, आणि त्यातलं तापमान आजही मोजलं जातं.

धोक्याची सूचना म्हणूनही या ब्राउझरकडे बघू नका. 28 मे 2025 ला स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटन गावावर बिर्च हिमनदी कोसळली. वरच्या शिखरावरून दगड सुटून तिच्यावर साचत होते. गावातली सुमारे 300 माणसं त्याआधी नऊ दिवस, 19 तारखेलाच हलवली होती. ते शक्य झालं डोंगरावर सतत रोखलेल्या नजरेमुळे. पाच दिवसांनी एकदा येणारा आणि ढग आले तर तेही चुकवणारा उपग्रह हे काम करू शकत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

वापरणार असाल तर शेवटची एक सवय लावून घ्या. गटाला फोटो पाठवू नका, पत्त्याच्या पट्टीतली लिंक पाठवा. त्या लिंकमध्ये जागा, तारीख आणि निवडलेला थर तिन्ही असतं, त्यामुळे उघडणाऱ्याला मागच्या आठवड्याची तारीख स्वतः लावून बघता येते. स्क्रीनशॉट एकदा सुटला की त्यावरची तारीख कापली जाते, आणि जूनमधली खिंड एप्रिलच्या गटात ‘ताजा अपडेट’ म्हणून फिरत राहते.