कोंबड्यांच्या आवारात खाली काय घालावे? प्लॅस्टिकच्या स्लॅट, वाळू आणि तूस

खुराड्यापुढच्या जाळीबंद आवारात खाली काय घालावे, हा प्रश्न घाटावर कदाचित दुय्यम असेल. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथे खाद्य व लसीकरण यांच्याखालोखाल याच प्रश्नाला महत्त्व द्यावे लागते. आमच्या परड्यात गिरिराज आणि गावरान मिळून डझनभर कोंबड्या आहेत. शेळीपालनाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या स्लॅट (पट्ट्यांमध्ये फटी ठेवलेले फरशीसारखे तुकडे) अर्ध्या आवारात आणि उरलेल्या भागात वाळू व तूस, अशी मांडणी आम्ही केली. हा अभिप्राय मुख्यतः स्लॅटबद्दल आहे, कारण सर्वांत जास्त पैसे त्यांनाच पडतात आणि त्यांची भलामणही सर्वांत जोरात होते.

वस्तू म्हणून या स्लॅटमध्ये खोट काढण्यासारखे फारसे नाही. दोन फूट लांब-रुंद तुकडे खाचांनी एकमेकांत घट्ट बसतात, ते कुजत नाहीत, गंजत नाहीत आणि पाइपाने धुता येतात. अडचण आहे ती वापराची. शेळीची लेंडी कोरडी आणि गोल असल्यामुळे ती फटीतून आपोआप खाली पडते. कोंबडीची विष्ठा चिकट असते आणि तिच्यावरचा पांढरा भाग, म्हणजे युरिक आम्ल, वाळला की सिमेंटसारखा पट्टीला धरून बसतो. कोंबड्या त्यावरून चालतात, पायांनी ती सारवत जातात आणि थोड्याच दिवसांत फटी बुजून घासणी घेऊन बसण्याची वेळ येते. जे खाली पडते ते काढण्यासाठी स्लॅटखाली किमान दीड-दोन फूट मोकळी जागा लागते, ही गोष्ट विकणारा सहसा आपण होऊन सांगत नाही. जमिनीलगत बसवलेल्या स्लॅटखाली पावसाळ्यात राड साचते, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो आणि माशा होतात.

त्याहून मोठा आक्षेप असा की कोंबडीला उकरायला आणि धुळीत लोळायला जमीन लागते. धुळीत लोळण्यानेच ती पिसांतल्या उवा झटकते. स्लॅटच्या अर्ध्या भागात आमच्या कोंबड्या पाण्यापुरत्या येत आणि लगेच परत जात. शेळ्यांसाठी केलेल्या रुंद फटींत पिल्लांचे पाय अडकतात, तर जड कोंबडी उंचावरून उडी मारून पट्टीवर आदळली की तळव्याला इजा होते आणि पुढे तिथे गाठ धरते.

सिमेंटच्या कोब्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर घूस आणि मुंगूस यांना अडवायला तो उत्तम असतो. मात्र त्यावर काही पसरल्याशिवाय तो कोंबड्यांना उपयोगी नाही.

वाळूची गोष्ट वेगळी. जाडसर नदीच्या वाळूतून पाणी लवकर निचरते आणि वाळलेली विष्ठा दाताळ्याने सहज गोळा होते. बांधकामाच्या क्रश सँडमध्ये बारीक भुकटी असते, ती भिजून घट्ट बसते व वर चिखल करते, म्हणून स्वस्त असली तरी ती टाळावी. समुद्राची वाळू तर नकोच. ती खारी असते, कोंबड्या खडे टिपताना मीठही पोटात घेतात, शिवाय किनाऱ्यावरून वाळू उपसायला कायद्याने बंदी आहे. पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात खाली खडी आणि वर वाळू ही जोडी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटली. एप्रिल-मेमध्ये उघड्यावरची वाळू तापते, त्यामुळे सावली हवीच.

छपराखालच्या भागासाठी माझी पसंती निःसंशय भाताच्या तुसाला आहे. मुरूम चोपून अर्धा फूट उंच केलेल्या जमिनीवर चार-पाच इंचांची गादी घातली, वरचेवर हलवली आणि पाऊस आत येऊ दिला नाही, तर तिला वास येत नाही. तूस लवकर कुजत नाही, पण ओल शोषण्यात लाकडाच्या भुशापेक्षा कमी पडते. म्हणून थोडा भुसा मिसळावा, मात्र प्लायवूड कापलेला किंवा बुरशी धरलेला नसावा. गादीची परीक्षा मुठीत घेऊन करावी: दाबून सोडल्यावर ती मोकळी झाली तर ठीक, लाडू वळला तर ओल वाढली असे समजावे. ऊब आणि ओल मिळाली की रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात, त्यामुळे ओला कोपरा फक्त हलवून भागत नाही, तेवढे तूस काढून टाकावे लागते. चुना मिसळायचा तर विरवलेलाच मिसळावा. कळीच्या चुन्याने पाय भाजतात.

गादी नेहमी भिजते ती पाण्याच्या भांड्याभोवती, आणि स्लॅटची खरी जागा तिथेच आहे. विटांवर उचलून ठेवलेल्या दोन स्लॅट, त्यावर भांडे आणि खाली खडी, एवढ्याने सांडलेले पाणी तुसापर्यंत पोचत नाही. त्यामुळे बारा-पंधरा कोंबड्यांच्या आवारासाठी दोन किंवा तीनच स्लॅट घ्याव्यात, पूर्ण संच घेऊ नये. वाचलेल्या पैशांत छपराची वळचण फूटभर वाढवून घ्यावी. तूस मात्र मे महिन्यातच भातगिरणीवरून पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावे, कारण जूननंतर मिळाले तरी ते बहुधा दमट असते.