थ्री-फेज पॅनेलमधला २४ व्होल्टचा सप्लाय: फेज-न्यूट्रलवर की तिन्ही फेजवर?

पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), सेन्सर आणि दोन-चार रिले (विजेने चालणारे स्विच) एवढाच भार असेल, तर एक फेज आणि न्यूट्रलवर चालणारा २३० व्होल्टचा एसएमपीएस (एसीचं २४ व्होल्ट डीसी करणारा सप्लाय) पुरतो. स्वस्त, आटोपशीर, बदलायलाही सोपा.

पण त्याचा जीव न्यूट्रलमध्ये अडकलेला असतो. मुख्य न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला, की बाकीच्या फेजवरच्या भारानुसार त्याच्यावर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब चढू शकतो. असा एक मी उघडून पाहिलाय: इनपुटचा कपॅसिटर डोक्यावर फाटलेला, खाली पीसीबीवर तपकिरी डाग. त्या दिवसापासून न्यूट्रलचं प्रत्येक टर्मिनल मी स्वतः कसतो.

तिन्ही फेजवरच्या एसएमपीएसला न्यूट्रल लागतच नाही. भार सारखा वाटला जातो. ५० हर्ट्झवर रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचा) रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, १०० ऐवजी ३०० हर्ट्झचा. एक फेज गेला तरी बरीच मॉडेल्स कमी भारावर चालू राहतात (डेटाशीट बघाच), म्हणजे पीएलसी जागा राहतो आणि मशीन शिस्तीत थांबवता येतं. किंमत जास्त, पण १० अँपिअरच्या पुढे मी हाच घेतो.

शून्य व्होल्टचं टोक मात्र दोन्हीत एकाच जागी अर्थिंगला जोडा. मग सेन्सरची २४ व्होल्टची वायर बॉडीला लागली, तर रिले भलत्या वेळी चालू होत नाही, फ्यूज जातो.