ब्लॅक सोल्जर फ्लायचे युनिट: काजूच्या हंगामापासून पावसाळा सरेपर्यंतचा अनुभव

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या काजूच्या बागेत मार्च ते मे या काळात बोंडांचा जो खच पडतो, त्याचे काय करायचे हा प्रश्न बी विकून सुटत नाही. बोंडाचे वजन बीच्या कितीतरी पट असते आणि एका दिवसात ते पाझरू लागते. त्यासाठीच मी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या, ओला कचरा खाणाऱ्या अळ्या पाळण्याचे लहान युनिट घेतले. त्यात अळ्यांसाठी उथळ क्रेट, माश्यांसाठी जाळीचा पिंजरा आणि अंडी घालून घेण्यासाठी लाकडी फळ्यांच्या जोड्या आहेत.

बोंडांच्या बाबतीत या अळ्यांनी माझी अपेक्षा पूर्ण केली. मात्र बोंडे तशीच ओतली तर क्रेटमध्ये रसाचे डबके साचते. म्हणून ती चेचून, रस निथळू देऊन, चोथ्यात भाताचा कोंडा मिसळावा लागतो. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटींतून एखाददुसरा थेंब आला तर ओल योग्य आहे असे समजावे. धार लागली तर आणखी कोंडा घालावा. थर चार बोटांहून जाड नसावा, कारण खाली हवा पोहोचली नाही की दुर्गंधी सुरू होते. ओल जमलेल्या क्रेटला कान लावला तर मंद आचेवर काही रटरटत असल्यासारखा अळ्यांच्या खाण्याचा आवाज येतो, आणि हात ठेवला तर ऊब जाणवते. बांगड्याची डोकी आणि आतडीही कोंड्यात थोडी थोडी मिसळली तर त्या फस्त करतात. नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले), झावळ्या आणि पेंढा मात्र त्यांच्या उपयोगाचा नाही. असले तंतुमय पदार्थ त्यांना नीट पचत नाहीत.

शेजाऱ्यांना माश्या वाढतील अशी भीती होती, ती निराधार ठरली. ही माशी चावत नाही, घरातल्या अन्नावर बसत नाही आणि तिचे आठवडाभराचे आयुष्य मुख्यतः अळीपणी साठवलेल्या चरबीवर निघते. उलट अळ्या भरपूर असलेल्या क्रेटमध्ये घरमाशीची वाढ रोखली जाते. खरा त्रास हुमल्यांचा, म्हणजे मुंग्यांचा होतो. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्याशिवाय इलाज नाही.

वाळवलेल्या अळ्यांत साधारण ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. खाद्यानुसार हे प्रमाण बदलते. युरोपीय संघाने मत्स्यशेतीच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनांना २०१७ मध्ये आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात २०२१ मध्ये परवानगी दिली. किनाऱ्यावरची लहान मासळी कुटून खाद्य बनवण्याला हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो. अळ्यांच्या चरबीत लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते, जे आपल्या खोबरेल तेलातही मुख्य आहे. त्यामुळे तेल गाळून साबण किंवा बायोडिझेलसाठी वापरता येते. एवढा उद्योग घरच्या क्रेटांवर होत नाही. मी अळ्या गावठी कोंबड्यांना देतो, पण भरडीला जोड म्हणूनच, कारण निव्वळ अळ्यांनी चरबी जास्त होते. कोंबड्यांसाठी फिकट रंगाच्या अळ्या काढाव्यात. काळपट झालेल्या अळ्या खाणे थांबवून कोरड्या जागेच्या शोधात आपणहून उतरण चढतात, त्या पैदाशीसाठी राखाव्यात.

उरलेला भुसभुशीत चोथा ताजा असताना रोपांना घालू नये. तो काही आठवडे मुरू दिल्यावर मी माडांच्या आळ्यांत घातला. माडांवर झालेला परिणाम सांगण्याइतका काळ अजून गेलेला नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण विकणारे त्याबद्दल बोलत नाहीत. जुलैत हवेतली ओल एवढी वाढते की क्रेटमधले मिश्रण सुकतच नाही. अशा एका रात्री मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) ओल्या भिंतीवर छपरापर्यंत फिकट अळ्यांच्या रांगा चढलेल्या दिसल्या. क्रेटमध्ये पाणी धरले की त्या जागा सोडतात आणि ओलसर उभ्या पृष्ठभागावरही सहज चढतात. तळाला निचऱ्याची भोके, रुंद पागोळी आणि कोरड्या कोंड्याचा साठा, हे सारे मिरगापूर्वीच तयार हवे.

त्याहून मोठी अडचण उजेडाची आहे. या माश्यांचे मीलन भरपूर सूर्यप्रकाशात होते. सलग ढगाळ दिवसांत त्या पिंजऱ्यातल्या पानांवर नुसत्या बसून राहतात आणि अंडी नगण्य मिळतात. साध्या दिव्याने फरक पडला नाही. घाटावरून मागवलेली अंडी रस्ता बंद असल्याने उशिरा पोहोचली आणि वाटेतच उबून मेली, कारण ती साधारण चार दिवसांत फुटतात. विक्रेत्याने भरपाई नाकारली. घेताना या जोखमीबद्दल लेखी ठरवून घ्यावे.

बोंडे, फणसाची चारखंडे किंवा खानावळीचे उष्टे नियमित मिळत असेल आणि कोंबड्या किंवा बदके असतील, तर हे युनिट निःशंकपणे घ्यावे. केवळ घरातल्या चौघांच्या ओल्या कचऱ्यासाठी एवढी राबणूक परवडणार नाही. घ्यायचेच असेल तर दिवाळीनंतर घ्यावे, म्हणजे बोंडे पडू लागेपर्यंत पैदास हाताशी येते, आणि पिंजऱ्याची जागा सकाळचे ऊन पाहूनच ठरवावी.