खाऱ्या वाऱ्यातली घरची गाडी: डिझायर, पंच की एर्टिगा?

ऑगस्ट २०२५. गणपतीला आठवडा राहिला होता. पंक्चर काढायला गाडीखाली जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यातून आत गेला. दाराखालची पट्टी, जिला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, आतून पार कुजली होती. वरून रंग शाबूत, फक्त दोन-चार ठिकाणी फुगे आलेले. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखाली ओल होती आणि बोट दाबलं की पापुद्रे निघत होते. गॅरेजवाले म्हणाले, "वहिनी, हिचा पत्रा आता वेल्डिंग धरत नाही. डाग मारायला चांगलं लोखंड तर हवं!"

आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. कामासाठी मला आठवड्यातून दोनदा धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून दापोलीला जावं लागतं. भरतीच्या वेळी बोटीवर चढताना-उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातात आणि ते पाणी सगळं खाली उडतं. गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. तिला मीठ खाऊन गेलं.

म्हणून नवी गाडी बघताना मी सुरुवात खालून केली. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ विरघळलं की गंजण्याची क्रिया कितीतरी भराभर होते. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे ऊन पडलं तरी चिखलाखालचा पत्रा सुकत नाही. चाकावरच्या कमानीत बसलेला चिखल, दाराच्या तळाची बुजलेली निचऱ्याची भोकं आणि रनिंग बोर्डाची पोकळी, गंज इथूनच लागतो. कंपनी कुठलीही असो, किनाऱ्यावर हे होणारच. ते किती उशिरा होईल हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

घरी आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दिवाळीपर्यंत निर्णय घ्यायचा होता आणि यादीत तीन गाड्या उरल्या: मारुतीच्या डिझायर आणि एर्टिगा, आणि टाटाची पंच. तेव्हाच्या मॉडेलांची माहिती अशी:

| | डिझायर | पंच | एर्टिगा |
|---|---|---|---|
| बसायची जागा | ५ | ५ | ७ |
| लांबी (मिमी) | ३९९५ | ३८२७ | ४४३५ |
| पेट्रोल इंजिन (सीसी) | ११९७ | ११९९ | १४६२ |
| सीएनजीवर कंपनीने सांगितलेलं मायलेज (किमी/किलो) | ३३.७३ | २६.९९ | २६.११ |
| जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५ पासून) | १८% | १८% | ४०% |

शेवटच्या ओळीतली तफावत मोठी आहे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत येते. एर्टिगा लांबी आणि इंजिन या दोन्ही अटींत बसत नाही. त्यावर राज्याचा रस्ता कर वेगळा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे, सीएनजीला त्याहून कमी. म्हणून शोरूमच्या बोर्डावरचा आकडा सोडा, तिन्हींचा ऑन-रोड भाव, म्हणजे कर-विमा सगळं धरून पडणारी किंमत, कागदावर लिहून मागा.

एर्टिगापासून सांगते, कारण घरात सगळ्यांचा जीव तिच्यात अडकला होता. गणपतीत मुंबईहून दीर-जाऊ आणि त्यांची मुलं येतात, तेव्हा सात जागांचा मोह होतोच. आम्ही वहीत मागच्या वर्षभराच्या फेऱ्या लिहून काढल्या. पाचपेक्षा जास्त माणसं गाडीत बसली असे दिवस निघाले नऊ. तेवढ्या दिवसांना भाड्याने मोठी गाडी करणं कितीतरी स्वस्त पडतं. दुसरी गोष्ट सामानाची. तिन्ही रांगा भरल्या की मागे २०९ लिटरच जागा उरते आणि सीएनजी घेतली तर तिथेच टाकी येते. सात माणसं आणि त्यांच्या बॅगा एकत्र मावत नाहीत. शिवाय तिची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली बाहेरून टांगलेली असते. फेरीच्या उतारावर खारं पाणी थेट तिच्यावर उडणार. लोखंडी रिम गंजेल, आणि स्टेपनी खाली सोडायचा स्क्रू गंजून अडकला तर भर पावसात घाटात चाक बदलता येणार नाही. (पंचच्या सीएनजी मॉडेलमध्येही स्टेपनी खालीच जाते. पेट्रोलमध्ये ती आत असते.)

सुरक्षिततेतही एर्टिगा मागे पडते. ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तिला २०१९ मध्ये ३ स्टार मिळाले होते. २०२४ मध्ये भारतात बनलेल्या, आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या एर्टिगाला कडक झालेल्या नियमांनुसार मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी १ स्टार मिळाला. २०२५ मध्ये आपल्याकडच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या, हे चांगलंच झालं. तरी मुलांना रोज बसवायला मला पाच स्टारवाली गाडी हवी होती. पण ज्यांच्या घरात रोजची सहा-सात माणसं आहेत, त्यांना या यादीत दुसरा पर्याय नाही. पाचजणांच्या गाडीत सातजण कोंबण्यापेक्षा प्रत्येकाला सीट आणि बेल्ट मिळणं केव्हाही बरं.

आता डिझायर आणि पंच. ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार दोघींकडे आहेत, पण पंचचे २०२१ च्या जुन्या नियमांवरचे आणि डिझायरचे २०२४ च्या नव्या नियमांवरचे. नव्या नियमांत बाजूने खांबावर बसणाऱ्या धडकेचीही परीक्षा आहे. त्यामुळे या एका मुद्द्यावर मी डिझायरला वरचढ मानते.

मायलेजमध्येही डिझायर पुढे. गुहागर ते चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे रोज जाऊन-येऊन ९०. आमच्या शेजारच्यांचा हाच रोजचा प्रवास आहे आणि पंप वाटेवरच लागतो. त्यांना मी डोळे झाकून डिझायर सीएनजी सुचवली. आमचं महिन्याचं चालणं सातशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यासाठी सीएनजीची जादा किंमत, पंपावरची रांग आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (टाकी दाब सहन करते का याची तपासणी) हे गणित जमेना. घाटाचाही विचार होता. पंचचं इंजिन पेट्रोलवर ८८ पीएस ताकद देतं, सीएनजीवर ७३.५. पाच माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली चढताना हा फरक पायाला कळतो. पेट्रोलवरसुद्धा वळणावर दुसरा गिअर टाकावाच लागतो. टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर, सेल्समनबरोबर एकट्याने घेऊ नका. घरची माणसं बसवून चढावर न्या.

आमच्या घरात निकाल दिला तो सासूबाईंच्या गुडघ्यांनी. डिझायरमध्ये त्या खाली बसल्या, पण उठताना मुलाचा हात धरावा लागला. पंचची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येते आणि दार ९० अंशांत उघडतं. पाठ टेकवली, पाय आत घेतले, झालं. जमिनीपासूनच्या उंचीतही मोठा फरक आहे: डिझायर १६३ मिमी, पंच १८७. आमच्या पाखाडीच्या (चढाच्या दगडी वाटेच्या) तोंडाशी आणि जेटीच्या उतारावर हे २४ मिमी रोज उपयोगी पडतात. डिकी डिझायरची ३८२ लिटर, पंचची ३६६, म्हणजे जवळजवळ सारखीच. आम्ही पंच पेट्रोल घेतली.

बजेट कमी असेल तर जुनी गाडी घेण्यात काहीच गैर नाही, पण ती देशावरची घ्या. कराड-साताऱ्याकडे कोरड्या हवेत राहिलेली दहा वर्षांची गाडी किनाऱ्यावरच्या पाच वर्षांच्या गाडीपेक्षा खालून चांगली निघू शकते. बघायला जाताना टॉर्च आणि लोहचुंबक न्या. रनिंग बोर्डावर चुंबक चिकटत नसेल तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, सीटचे बोल्ट बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा: पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून एवढं सांगते.

गाडी कुठलीही घ्या, अंडरबॉडी कोटिंग पहिल्या पावसाआधी करा, आणि तेही खालचा भाग पूर्ण कोरडा आणि स्वच्छ असताना. गंजावर किंवा ओलीवर रबर कोटिंग मारलं तर पाणी आतच अडकतं आणि वरून काळं चकचकीत दिसत असताना खाली पत्रा सडतो. दाराच्या आणि रनिंग बोर्डाच्या पोकळीत मेणासारखं कोटिंग नळीने आत फवारायला सांगा. हे काम बहुतेक ठिकाणी आपणहून कोणी करत नाही, मागावं लागतं. फेरीतून आल्यावर खालून पाणी मारा, मात्र गोड्या पाण्याचं. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, आणि इतकी वर्षं मी त्याच पाण्याने गाडी धूत होते. आता टाकीला वेगळा पाइप जोडलाय.

जुन्या गाडीचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. एकाने पॅचवर्क करून, रंग मारून विकायचं सुचवलं. आम्ही नाही म्हटलं. सीटबेल्ट ज्या पत्र्याला जोडलेला असतो तोच कुजलेला असेल, तर घेणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणी होते, तिथेही ती टिकली नसती. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते, म्हणून नवीची नोंदणी होण्याआधी ते हातात असू द्या, आणि जुनीची नोंदणी आरटीओत रद्द झाल्याचा कागद मागून घ्या. तो येईपर्यंत गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते.