जुन्या एसयूव्हीला ट्यून: डबी, तयार फाईल की आपल्या गाडीपुरता रीमॅप?

घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ, पुढे कंटेनर, गाडीत पाच माणसं आणि एसी चालू. अशा वेळी दहा-बारा वर्षांची स्कॉर्पिओ किंवा सफारी दुसऱ्या गिअरमध्येही दम खायला लागली की मालकाच्या मनात दोनच विचार येतात: गाडी विकावी, नाहीतर रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून घ्यावेत. नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ऐकली की पहिला विचार गळतो. दुसऱ्याला खतपाणी घालणारे वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत भरपूर भेटतात. पण कुणी डबी विकतो, कुणी तयार फाईल टाकतो आणि एखादाच खरोखर तुमच्या गाडीपुरतं काम करतो. या तिन्हींत खर्च, धोका आणि फायदा यांचा इतका फरक आहे की मित्राच्या गाडीतल्या एका चकरेवरून ठरवू नये.

मी बोलतोय ते दीड ते तीन लिटरच्या, मॅन्युअल गिअरच्या टर्बो डिझेलबद्दल. टर्बो नसलेली जुनी पेट्रोल एसयूव्ही असेल तर विषय इथेच संपला. तिथे हवा वाढवता येत नाही, त्यामुळे फाईल कितीही चांगली लिहिली तरी फरक जेमतेम जाणवतो. त्या पैशात चांगले टायर घ्या.

ताकद येते कुठून

डिझेल इंजिनात ताकद वाढवायची म्हणजे जास्त डिझेल जाळायचं, आणि ते नीट जळावं म्हणून टर्बोकडून जास्त हवा घ्यायची. हवा कमी पडली की मागून काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. ईसीयूतले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले, आकडे ठरवताना कंपनी थोडं हातचं राखते. भेसळीचं डिझेल, चुकलेली सर्व्हिस, कडक उन्हाळा, छतापर्यंत भरलेलं सामान, वॉरंटीचे दावे, सगळं तिला गृहीत धरावं लागतं. ट्यूनर उचल घेतो ती या राखीव साठ्यातून. नव्या गाडीत हा साठा जवळपास शाबूत असतो. दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत त्यातला किती झिजून गेला, हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. जुन्या गाडीचा सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो.

ट्यूनर मंडळी एक युक्तिवाद हमखास करतात: "कंपनीनेच हे इंजिन दुसऱ्या गाडीत जास्त पॉवरला विकलंय." खरं आहे. महिंद्राचं २१७९ सीसीचं एमहॉक स्कॉर्पिओत १२० बीएचपीचं होतं, २०११च्या एक्सयूव्ही ५००मध्ये १४०चं झालं आणि २०१८मध्ये १५५चं. पण १५५ला जाताना टर्बो बदलला, तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा झाला. टाटाने सफारी स्टॉर्मचा टॉर्क ३२०वरून ४०० न्यूटन-मीटरला नेला तेव्हा सहा गिअरचा नवा गिअरबॉक्सही दिला. डस्टरच्या ८५ आणि ११०च्या डिझेलचं इंजिन १४६१ सीसीचंच, पण टर्बो वेगळे आणि गिअरबॉक्सही पाच आणि सहा गिअरचे. कंपनीने आकडा वाढवताना लोखंडही बदललं, हा त्या युक्तिवादाचा उरलेला अर्धा भाग दुकानात कुणी सांगत नाही.

डबी

ट्यूनिंग बॉक्स म्हणजे ईसीयू आणि सेन्सर यांच्या मधे बसवायची छोटी डबी. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा डीझेलट्रॉनिक आणि जर्मनीचा रेसचिप ही आपल्याकडची ओळखीची नावं. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेलमधून) दाबाने डिझेल मिळतं तिथे, या प्रकारची साधी डबी रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल ईसीयूला थोडा कमी करून दाखवते. ईसीयूला वाटतं प्रेशर पडलंय, तो ते वाढवतो, आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल फवारतो. काही डब्या बूस्टचा, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचा, सिग्नलही हाताळतात.

डबीचा मोठा गुण म्हणजे ती काढता येते. सर्व्हिसला जाताना कप्लर काढला, मूळ जोडला, गाडी होती तशी. गाडी विकताना डबी वेगळी विकता येते. दोन वर्षांत गाडी देऊन टाकायची असेल तर हा हिशेब चुकीचा नाही.

पण ईसीयूला खोटं सांगून काम करून घ्यायचं म्हटलं की त्याचे स्वतःचे पहारेही त्याच खोट्यावर चालतात. रेलमध्ये खरं प्रेशर किती आहे हे त्याला माहीत नसतं. नव्या, निरोगी पंप-इंजेक्टरला हे झेपतं. जुन्या, आधीच थोडे गळणाऱ्या इंजेक्टरवर वाढीव प्रेशर म्हणजे उरलेलं आयुष्य घाईने खर्च करणं. आणखी एक गंमत: डबी लावल्यावर मीटरमधला अ‍ॅव्हरेज एकदम सुधारतो आणि मालक खूश होतो. ईसीयू किती डिझेल गेलं ते स्वतःच्या, म्हणजे चुकीच्या, प्रेशरवरून मोजत असतो. खरा अ‍ॅव्हरेज कळायचा तर टाकी फुल ते टाकी फुल असाच मोजावा लागतो.

तयार फाईल

हा प्रकार सगळ्यात जास्त विकला जातो आणि सगळ्यात कमी समजून घेतला जातो. लॅपटॉप ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लागतो, मूळ फाईल वाचली जाते, थोड्या वेळाने 'स्टेज वन', म्हणजे ट्यूनची पहिली पायरी, अशी फाईल टाकली जाते. चहा संपेपर्यंत गाडी तयार. किंमतही तिघांत बहुधा कमी.

इथे विचारायचा प्रश्न एकच: फाईल कोण लिहितं? ईसीयू वाचण्या-लिहिण्याची साधनं 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' अशा दोन प्रकारची असतात. स्लेव्हवाल्याने वाचलेली फाईल कुलूपबंद असते. ती त्याच्या मास्टरकडे, म्हणजे दुसऱ्या शहरात किंवा परदेशात जाते, तिथे बदलली जाते आणि परत येते. समोरचा माणूस ती उघडूही शकत नाही. त्यामुळे "तिसऱ्या गिअरमध्ये धूर येतोय, जरा कमी कर" म्हटलं तर त्याच्या हातात पुन्हा मेल पाठवण्यापलीकडे काही नसतं. हा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही मास्टर उत्तम काम करतात आणि तीन-चार वर्षांच्या, कमी चाललेल्या गाडीला त्यांची सावध फाईल छान बसते. पण ती लिहिणाऱ्याने मनात धरलेली गाडी फॅक्टरीतून आल्यासारखी धडधाकट असते. तुमच्या गाडीचा इंटरकूलरचा पाइप चिरलाय, एअर फ्लो सेन्सरवर तेलकट थर आहे, टर्बोचा शाफ्ट ढिला पडलाय, यातलं त्याला काही ठाऊक नसतं.

आपल्या गाडीपुरता रीमॅप

यात पहिला तास फाईलला हातही लावायचा नसतो. आधी गाडी स्कॅनरला लावून लॉग, म्हणजे चालत्या इंजिनच्या नोंदी, घेतात: ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं, हवेचं वजन, प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन (ईसीयूला त्याचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते). वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून लाल रेघेच्या अलीकडेपर्यंत एक पूर्ण खेच घेतली की गाडीची तब्येत कागदावर येते. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जुळत नसतील तर चांगला ट्यूनर तिथेच काम थांबवतो आणि गळती शोधायला पाठवतो. समोर आलेले पैसे सोडून असं परत पाठवणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

नंतर बदल, पुन्हा लॉग, पुन्हा बदल. दोन-तीन फेऱ्या होतात, अर्धा किंवा पूर्ण दिवस जातो, आणि किंमत त्या प्रमाणात वाढते. मोबदल्यात तुम्हाला मर्यादा ठरवता येतात: क्लच जुना आहे म्हणून १८०० आरपीएमच्या आसपासचा टॉर्क हळू चढव, धूर नको, वरच्या आरपीएमला काही वाढवू नकोस. तयार फाईलमध्ये यातलं काहीच मागता येत नाही.

लॉगिंगची खेच डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घेतलेली उत्तम. पाम बीच रोड रात्री मोकळा दिसतो म्हणून तिथे घेऊ नका. कुणाचा तरी जीव जाईल. डायनोवर न्यायची असेल तर गाडीचा ड्राइव्ह आधी सांगा. पार्ट-टाइम फोर बाय फोर असलेली स्कॉर्पिओ टू-व्हीलमध्ये टाकून साध्या डायनोवर चालते, पण पहिल्या पिढीची फोर बाय फोर फॉर्च्युनर फुल-टाइम आहे, म्हणजे चारही चाकं कायम फिरवते, तिला चारही चाकांचा डायनोच लागतो. आणि डायनोचा कागद हातात आला की आकडा चाकावरचा आहे की इंजिनचा, ते विचारा. चाकावर तो नेहमी कमीच दिसतो, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपला वाटा घेतात. ट्यूनआधीचा चाकावरचा आणि नंतरचा इंजिनचा आकडा शेजारी ठेवून वाढ दाखवणं, ही शुद्ध चलाखी.

ठाण्यात नेमकं काय हवंय

माजिवड्याहून कासारवडवलीला जाताना किंवा ठाणे-बेलापूर रोडवर ऑफिस सुटल्यावर इंजिन बहुतेक वेळ २००० आरपीएमच्या खालीच असतं. लोकांना पिकअप हवा असतो तोही तिथेच. गोची अशी की या पट्ट्यात टर्बोकडे पुरेसा एक्झॉस्टच नसतो. हवाच नाही तिथे कुठलीही फाईल डिझेल वाढवून धुराशिवाय फार काही देणार नाही. चांगला ट्यूनर व्हेरिएबल टर्बोच्या पाकळ्यांचं वेळापत्रक बदलून बूस्ट थोडा लवकर आणू शकतो. पण कमी आरपीएमवरचा मोठा टॉर्क कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील आणि क्लच यांना सगळ्यात जास्त पिळतो. त्यामुळे "एकदम खालून झटका देतो" असं सांगणाऱ्यापासून जुन्या गाडीच्या मालकाने लांबच राहावं.

खरा फायदा दिसतो तो कसारा किंवा माळशेज घाटात, पनवेलहून कोकणात जाताना, ट्रकला मागे टाकताना. तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागत नाही. हायवेवर पाय हलका ठेवलात तर अ‍ॅव्हरेज थोडा सुधारू शकतो. रोजचा घोडबंदरचा जाम मात्र ट्यूनने सुटत नाही, तिथे गाडी पूर्वी जितकं प्यायची तितकंच पिते. वर्षातून दोनदाच ठाण्याबाहेर पडत असाल तर या पूर्ण खर्चाचा पुनर्विचार करा.

आधी गाडी, मग ट्यून

गाडी ओढत नाही म्हणून येणाऱ्या अनेक गाड्यांना ट्यूनची गरजच नसते. ईजीआर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे नळ) काजळीने अर्धे बुजलेले असतात, एअर फिल्टर काळा असतो, डिझेल फिल्टर कधी बदलला ते कुणाला आठवत नाही. ते साफ केलं, इंटरकूलरचे होज बदलले आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (किती डिझेल गळून परत जातंय ते मोजणं) करून एखादा खराब निघालेला दुरुस्त केला की हरवलेला पिकअप बराचसा परत येतो. हा चौथा पर्याय कुणी जाहिरातीत मांडत नाही, कारण त्याला 'स्टेज' नाही.

क्लचची परीक्षा घरच्या घरी होते. चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. अशा गाडीला वाढीव टॉर्क दिला की महिन्याभरात क्लच सेट घ्यावा लागणार, म्हणून तो खर्च ट्यूनच्या किमतीतच धरा.

पीयूसी, कायदा, विमा

डिझेलच्या धुराची मर्यादा बीएस-४ गाडीला ५० हार्ट्रिज (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आणि त्याआधीच्या गाडीला ६५. काळा धूर सोडणारी फाईल इथेच पकडली जाते, आणि मुळात ती वाईट लिहिलेली फाईल असते. ट्यूनबरोबर ईजीआर बंद करून देतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ती प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. "सॉफ्टवेअर कुणाला दिसतंय?" हे उत्तर गॅरेजमध्ये ऐकायला बरं वाटतं, पण ईसीयू वाचता येतो. विमा कंपनीला बदल न कळवता मोठा दावा केलात तर तिच्या हाती आयतं कारण द्याल.

मग कुणी काय घ्यावं

गाडी आणखी चार-पाच वर्षं ठेवायची आहे, लॉग स्वच्छ येतात, क्लच ठीक आहे आणि घाट-हायवे भरपूर होतो, अशा मालकाने कायदा आणि विम्याची बाजू मान्य असेल तर स्वतंत्र रीमॅपच करावा. तोही सौम्य. मूळ टॉर्कच्या १५ टक्क्यांपलीकडे जाऊ नका असं मी सांगेन. हा माझा सावध अंदाज आहे, नियम नव्हे. निघताना मूळ फाईल आणि आधी-नंतरचे लॉग पेन ड्राइव्हवर घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने कधी ईसीयू अपडेट केला तर तुमची ट्यून पुसली जाते, तेव्हा ती पुन्हा करून घेताना ते उपयोगी पडतात.

लवकर विकायची असेल आणि इंजेक्टर तपासून ठीक निघाले असतील तर डबी, सगळ्यात खालच्या सेटिंगवर. तयार फाईल फक्त कमी चाललेल्या गाडीला, आणि लिहिणारा माणूस फोनवर भेटत असेल तरच.

गाडी धूर सोडते, तेल खाते किंवा चढावर क्लचचा वास येतो, तिला यातलं काहीच नको. आणि पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर आधी ठाणे किंवा वाशी आरटीओत फेरनोंदणी उरका. फिटनेसच्या निमित्ताने गाडीत काय काय काम निघतंय ते कळेल, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी तिच्यावर अजून पैसे घालायचे की नाही हे तेव्हा जास्त स्वच्छ दिसेल.