फिटची भीती आणि टॅपिंग : नऊ महिन्यांनंतर

टॅपिंग, म्हणजे भीती घालवण्यासाठी अंगावर ठरावीक जागी बोटांनी टकटक करणं, सुरू केलं त्याला या महिन्यात नऊ महिने झाले. मला चौदाव्या वर्षापासून अपस्मार आहे, आता चौतिसावं संपलं. माझ्या फिट टेम्पोरल लोबमधून, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून येतात. बहुतेक वेळा मी खाली पडत नाही. एकटक बघत राहते, ओठ चाटते, ओढणीचं टोक चाळवत बसते. हे दीड-दोन मिनिटं चालतं आणि पुढे अर्धा तास बोलणं जुळत नाही. लेव्हेटिरासेटाम ही फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती.

टॅपिंगकडे वळले ते फिटसाठी नव्हे, भीतीसाठी. कल्याणहून दादरला रोज लोकलने जाते. गाडी येताना दिसली की पोटात गोळा यायचा, आत्ताच काही झालं तर? मी भिंतीला चिकटून उभी राहायचे आणि गाडी सोडून द्यायचे. कधी दोन, कधी तीन. आठवड्यातून एक-दोनदा तर घरीच परतायचे. दोन फिटच्या मधले सगळे दिवस या भीतीने खाल्ले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तळहाताची कड, भुवईची सुरुवात, डोळ्याच्या बाजूला, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याजवळचं हाड, काखेखाली, डोक्याचा माथा अशा ठिकाणी बोटांनी हलके टकटक करायचं आणि मनातली भीती शब्दांत म्हणायची. आधी आणि नंतर भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. 1990च्या दशकात अमेरिकेत गॅरी क्रेग यांनी ही पद्धत बसवली, त्याआधी रॉजर कॅलहन यांची अशीच एक पद्धत होती. शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्या मोकळ्या होतात हा त्यामागचा दावा मला पटलेला नाही. 2003च्या एका अभ्यासात काही जणांना भलत्याच जागी, तर काहींना चक्क बाहुलीवर टकटक करायला लावलं होतं, आणि त्यांचीही भीती जवळपास तेवढीच कमी झाली. हे वाचल्यावर मला हलकंच वाटलं. म्हणजे बिंदू चुकला म्हणून काही बिघडत नाही. लेडीज डब्यात चेहऱ्यावर बोटं मारत बसायला नको, पर्सखाली तळहाताची कड टकटकवली तरी चालतं.

शिकवलेलं वाक्य होतं, ‘मला ही भीती वाटत असली तरी मी स्वतःला पूर्णपणे स्वीकारते.’ ते माझ्या तोंडात बसेना. आता मी म्हणते, ‘भीती वाटतेय. वाटू दे. मी बाकावर बसलेय, पर्समध्ये कार्ड आहे.’ कार्डावर माझा आजार, गोळ्या, नवऱ्याचा नंबर आणि ‘कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका’ एवढं लिहिलंय. प्लॅटफॉर्मवरची भीती आठवरून चारवर आली आहे. गेल्या तीन महिन्यांत घरी परत फिरले नाही. या एका गोष्टीसाठी मी टॅपिंगची ऋणी आहे.

आता जे घडलं ते सांगते, कारण हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी पोळ्या करत होते. पोटातून वर चढत येणारी ती ओळखीची पोकळी आली आणि हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटायला लागलं. हा माझा ऑरा, म्हणजे फिटची पहिली खूण. इतकी वर्षं ऑरा आला की मी गॅस बंद करून खाली बसायचे आणि हाक मारायचे. त्या दिवशी उभ्या उभ्या भुवईवर टॅपिंग सुरू केलं. प्लॅटफॉर्मवर जमतंय तर इथेही जमेल असं वाटलं. मोकळा डावा हात तव्यावर टेकला आणि तसाच राहिला. पोळी करपल्याच्या वासाने सासूबाई आल्या म्हणून वाचले. तीन आठवडे ड्रेसिंग चाललं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. ऑरा म्हणजे भीती नव्हे, फिट सुरू झालेली असते. ती मेंदूच्या एका कोपऱ्यात आहे तोवर आपण शुद्धीत असतो. माझ्या बाबतीत ही वेळ वीस-तीस सेकंदांची. त्यात आगीपासून, पाण्यापासून, जिन्यापासून दूर होऊन खाली बसायचं आणि कुणाला तरी सांगायचं, एवढंच त्यात मावतं. टॅपिंगला त्यात जागा नाही.

पण पोटातला गोळा दोन्हींत येतो, मग ओळखायचं कसं? मी वहीत लिहीत गेले. माझी भीती कशावरून तरी येते, गाडीच्या भोंग्यावरून, गर्दीवरून, आणि हळूहळू वाढत दहा-पंधरा मिनिटं रेंगाळते. ऑरा काहीही कारण नसताना अचानक येतो आणि दर वेळी तंतोतंत तसाच. तरीही शंका असली तर मी तो ऑराच धरते. दहा वेळा उगाच खाली बसले तरी माझं काही जात नाही.

हात भाजला त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. माझी शुद्ध पूर्ण आली नव्हती तेव्हा सासूबाई मायेने माझ्या चेहऱ्यावर टॅपिंग करू लागल्या, मला करताना पाहिलं होतं ना. मी त्यांचा हात जोरात झिडकारला. मला त्यातलं काही आठवत नाही, पण त्या दुखावल्या होत्या. फिटनंतर माणूस गोंधळलेला असतो, धरलं-अडवलं की झटापट करू शकतो. आता घरात ठरलंय, त्या वेळी कुणी टॅपिंग करायचं नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला, फिट थांबवणारा मिडाझोलॅमचा स्प्रे नाकात मारायचा आणि गाडी बोलवायची.

चौथ्या महिन्यात जुन्या आठवणींवर टॅपिंग करायचा एक व्हिडिओ लावला. रात्री साडेअकराला, एकटीने. नववीत प्रार्थनेच्या वेळी पहिली फिट आली, कुणीतरी नाकाशी चप्पल धरली आणि पुढे वर्षभर मुली माझ्या डब्यातलं खात नव्हत्या. ते सगळं वर आलं. दोनपर्यंत रडत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फिट आली. टॅपिंगने आली असं मी म्हणणार नाही, पण अपुरी झोप हे फिट येण्याचं अगदी जुनं कारण आहे आणि झोप मी त्यापायी घालवली होती. ती आठवण आता मी समुपदेशकांसमोर बसून उलगडते आहे, दुपारच्या वेळी. घरी फक्त आजची, छोटी भीती घेते. दहा मिनिटं, खुर्चीत किंवा जमिनीवर बसून.

व्हिडिओ निवडतानाही बघा. काहींत जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, काहींत पडद्यावर रंग लुकलुकतात. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढताना आपल्याला भरभर श्वास घ्यायला लावतात आणि डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात, ते मेंदूतला दोष वर यावा म्हणूनच. घरात एकटं असताना तेच कशाला करायचं? शिवाय काही थोड्या लोकांना अचानक स्पर्शाने किंवा दचकल्याने फिट येते. तसं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टॅपिंगला हातच लावू नका.

भाजल्यानंतर माझा डोस वाढवला होता. त्यानंतर मी घरात सगळ्यांवर खेकसायला लागले. लेकीवरही. मी टॅपिंगचा एक ऑनलाइन कोर्स करत होते, त्यातल्या बाईंनी सांगितलं, हा दाबलेला राग आहे, त्यावर टॅपिंग करा. मी पाच आठवडे करत राहिले आणि स्वतःलाच दोष देत राहिले. तपासणीला गेल्यावर सहज बोलले, तर डॉक्टर म्हणाल्या, लेव्हेटिरासेटामने काही जणांची चिडचिड वाढते, आधी का नाही सांगितलंत? हळूहळू दुसऱ्या गोळीवर आणलं आणि राग उतरला. ते पाच आठवडे लेकीला परत देता येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच कोर्समध्ये पुढे ‘आता गोळ्या अर्ध्या करून बघा’ असंही सुचवलं. मी त्याच दिवशी कोर्स सोडला. साडेचार हजार गेले, जाऊ देत. गोळी अचानक कमी केली की फिटमागून फिट येऊ शकते, त्यात जीवही जाऊ शकतो. असं कुणी सांगत असेल तर ते कितीही गोड बोलोत, तिथून उठा.

फिट कमी झाल्या का, हे सगळे विचारतात. आधीच्या नऊ महिन्यांत पाच, या नऊ महिन्यांत तीन. पण मध्ये डोस वाढला, गोळी बदलली, मी झोपेची वेळ पाळायला लागले. त्यामुळे त्याचं श्रेय मी टॅपिंगला देत नाही, आणि गोळीच्या दोन वेळा मोबाईलच्या गजरावरच आहेत.

तिसरी फिट गेल्या महिन्यात आली, दुपारी भाजी निवडताना. ऑरा आला, मी विळी लांब सरकवली, ‘आई’ अशी हाक मारली आणि भिंतीला टेकून बसले. सासूबाई शेजारी बसून राहिल्या, हात लावला नाही. एक मिनिट पन्नास सेकंद. कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्यांनी ते लिहून ठेवलंय.