'सील पॅक, जर्मनीचा माल'

मागच्या आठवड्यात तळोज्याच्या एका मित्राने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली विचारले, "घेऊ का? अर्जंट आहे." फोटोत एक खोका, त्यावर कारखान्यातल्या मशीनच्या कंट्रोलरचे इलेक्ट्रॉनिक कार्ड ठेवलेले, खाली निळ्या टाइल्स. त्यातली एक टाइल कोपऱ्यात तडकलेली. ती तडकलेली टाइल दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. हीच फरशी २०२४च्या ऑगस्टमध्ये माझ्याही मोबाइलवर आली होती, आणि मी "घ्या" म्हणालो होतो. ७३,१६० रुपयांना. म्हणून हे लिहायला बसलो.

भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला आमचा रबराचा कारखाना आहे, मी तिथे मेंटेनन्स बघतो. मिक्सरला कच्चा माल तोलून देणारी बॅचिंग लाइन सीमेन्सच्या एस५-११५यू पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर चालते. बसवली १९९१ साली. एस५ ही मालिकाच १९७९ची, नव्वदीच्या मध्यावर एस७ आली आणि पुढे एस५चे नवे कार्ड मिळणे बंद झाले. "मग बदलून का टाकत नाही?" असे प्रत्येक नवा मॅनेजर विचारतो. बदलायचे कोटेशन हातात पडले की पुन्हा विचारत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सीपीयू ९४३, म्हणजे पीएलसीचे मुख्य कार्ड, बंद पडला. रनवर टाकला की लगेच स्टॉपचा लाल दिवा. ओव्हरऑल रिसेट (सगळी मेमरी पुसणे) केला, प्रोग्राम साठवलेले मेमरी मॉड्यूल काढून पुन्हा लावले, पॉवर सप्लायचे पाच व्होल्ट मोजले, ते ठणठणीत. म्हणजे कार्डच गेले. गणपती ७ सप्टेंबरला. त्याआधी दोन मोठ्या ऑर्डरी काढायच्या आणि मग अर्धी शिफ्ट कोकणात जाणार. मालक तासातासाला पॅनलपाशी येऊन उभे राहत. बोलत काहीच नसत, तेच जास्त वाईट.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. तिथल्या लोकांना दोष देणार नाही, सरळ सांगितले त्यांनी. एक म्हातारे दुकानदार तर म्हणाले, "एस५? साहेब, म्युझियममध्ये बघा." कुर्ल्याला भंगारवाल्यांकडेही जाऊन आलो. तिथे एक पूर्ण रॅक होता, पण पावसात भिजलेला. मग कोणाकडून तरी नंबर मिळाला. फोनवरचा माणूस भलताच गोड. माझा पार्ट नंबर मी अर्धा सांगेपर्यंत त्याने उरलेला स्वतः सांगितला. "साहेब, जर्मनीच्या गोडाऊनचा सरप्लस आहे, सील पॅक. दोन पीस होते, एक सकाळीच गुजरातला गेला." सोबत कोरे ईप्रॉम (वीज गेली तरी प्रोग्राम टिकवणारी चिप) मेमरी मॉड्यूलही देतो म्हणाला. ते मला हवेच होते, कारण आमचे मूळ मॉड्यूल तेहतीस वर्षांचे आणि त्याची कॉपी नाही. दोन्ही मिळून ६२ हजार, वर १८ टक्के जीएसटी. पैसे आधी.

पर्चेसच्या मॅडमनी विचारले, "दुकान कुठेय त्यांचं? कुणी बघून आलंय का?" मी म्हणालो, मॅडम, आत्ता वेळ नाही. हे वाक्य मला अजून रात्री आठवते. गरजवंताला अक्कल नसते, हे मी आजवर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

२९ तारखेला एक पोरगा भांडुप स्टेशनला पश्चिमेला येऊन खोका देऊन गेला. उघडताना जे दिसले ते सगळे मला दिसले होते, हे कबूल करतो. अँटिस्टॅटिक पिशवी नवी, पण स्टेपलर मारून बंद केलेली. कार्डाचे प्लास्टिक एका बाजूने पिवळट. मागच्या कनेक्टरच्या पिनांवर बारीक उभे ओरखडे, म्हणजे कार्ड रॅकमध्ये आत-बाहेर झालेले. खोक्यावरचा बारकोड मी स्कॅन केला नाही. नंतर केला, तेव्हा तो दुसऱ्याच पार्ट नंबरचा निघाला. आमच्याकडे सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामा कार्ड उलटेपालटे करून म्हणाले, "साहेब, मुंडावळ्या बांधल्यात, पण नवरा बिजवर दिसतोय." सगळे हसले. मीही हसलो आणि कार्ड रॅकमध्ये सरकवले. आमचे जुने मॉड्यूल त्यात लावले, हिरवा दिवा लागला, लाइन सुरू. 'कोरे' मॉड्यूल तसेच पिशवीत कपाटात गेले.

अकरा दिवस चालले. गौरी आवाहनाच्या आदल्या रात्री पुन्हा लाल दिवा.

त्या माणसाला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, तुमचा पॉवर सप्लाय खराब असेल. दुसऱ्यांदा म्हणाला, बिल वाचा. बिलावर लिहिले होते 'पीसीबी कार्ड, २ नग'. पार्ट नंबर नाही, सिरियल नंबर नाही, खाली शिक्का: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. बिलावरच्या पत्त्यावर मामा गेले, तर तिथे साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या बाई बसलेल्या.

कार्ड खोलले. वरून चकचकीत लॅकर फवारलेले, आणि त्या लॅकरच्या खाली कडेकडेने तपकिरी चिकट थर. कॅपॅसिटर बदललेले. आता कॅपॅसिटर बदलणे हा काही गुन्हा नाही. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर इतक्या वर्षांत सुकतातच, चांगला रिपेअरवाला ते बदलतो आणि तसे सांगतो. इथे सोल्डरिंगचा फ्लक्सदेखील पुसला नव्हता, आणि म्हणे सील पॅक. मामांनी तो थर नखाने खरवडून वास घेतला. "तेल नाही हे," एवढेच म्हणाले.

शेवटी ठाण्याच्या एका रिपेअरवाल्याने आमचे मूळ कार्डच साडेसहा हजारांत उभे करून दिले. एका रॅम चिपचे सोल्डर सुटले होते. हे आधीच केले असते तर, असो.

खरी गंमत पुढे आहे. दुरुस्त कार्ड टेबलावर वेगळ्या रॅकमध्ये लावून तपासत होतो, तेव्हा ते कपाटातले कोरे मॉड्यूल आठवले. नवे ईप्रॉम कोरे असते म्हणजे त्याच्या प्रत्येक बाइटमध्ये एफएफ (सगळे बिट १) असते, दुसरे काही असूच शकत नाही. मॉड्यूल लावून ओव्हरऑल रिसेट केला की या सीपीयूत मॉड्यूलमधला प्रोग्राम रॅममध्ये उतरतो. मग जुना लॅपटॉप, पीएलसीला जोडायची टीटीवायची पंधरा पिनांची केबल आणि स्टेप ५ हे एस५चे सॉफ्टवेअर घेऊन प्रोग्रामच्या ब्लॉकची, म्हणजे तुकड्यांची यादी मागवली. यादी रिकामी यायला हवी होती. स्क्रीन भरून आली. ओबी १, मागून पीबी, एफबी, डीबी.

प्रोग्राममधल्या कॉमेंट पीएलसीत राहत नाहीत, त्या फ्लॉपीवरच्या फाइलमध्ये असतात, त्यामुळे प्रोग्राम कसला ते सहसा कळत नाही. पण एका डेटा ब्लॉकमध्ये अलार्मचे मेसेज अक्षरांत भरलेले होते, बहुधा प्रिंटरसाठी. मी ते अक्षरांच्या फॉरमॅटमध्ये उघडले. मामा मागून वाचत होते. 'केन कॅरियर स्टॉप'. 'मिल ३ ओव्हरलोड'. 'ज्यूस टँक हाय'.

मामा गेवराईचे, त्यांचा भाऊ साखर कारखान्यात फिटर होता. मोठ्याने हसले. "साहेब, जर्मनीत ऊस कधीपासून लावायला लागले?" जर्मनीत साखर करतात ती बीटाची. तो चिकट थर कसला, तेही त्याच वेळी कळले.

पैसे काही परत आले नाहीत. ग्राहक आयोगाचा विचार केला, पण २०१९च्या कायद्यात व्यावसायिक कामासाठी माल घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही, पोट भरण्यापुरता स्वयंरोजगार करणारा असेल तरच सूट. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीचा लेखी अर्ज दिला. तिथे पहिला प्रश्न, कुठले कार्ड घेतले हे बिलावरून कसे सिद्ध कराल? उत्तर नव्हते. आता बिलावर पूर्ण पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि 'नवे' की 'वापरलेले' हे लिहून घेतल्याशिवाय मॅडम पैसे सोडत नाहीत, आणि मी त्यांना घाई करत नाही.

बाकी आम्ही काय करतो ते सांगतो. वापरलेले कार्ड वापरलेले म्हणूनच घेतो. एस७वर जाणाऱ्या कारखान्यांचा अख्खा रॅक, तो चालू असताना जाऊन, बघून. मागच्या वर्षी एकाने सीपीयू १४ हजाराला देताना स्वतःहून सांगितले की बॅटरीचा दिवा लागत नाही, बाकी ठीक. तो आजही चालतोय. आणलेले कार्ड आठवडाभर टेबलावर पॉवर देऊन ठेवतो. मेमरी मॉड्यूल आले की आधी वाचतो. आमच्या प्रोग्रामच्या आता तीन कॉप्या आहेत आणि बॅटरी दरवर्षी पॉवर चालू ठेवूनच बदलतो.

तळोज्याच्या मित्राला मी म्हणालो, सीपीयूबरोबर कोरे ईप्रॉम मॉड्यूल माग आणि 'पैसे देण्याआधी वाचून बघणार' असे सांग. त्याने तसा मेसेज टाकला. दहा मिनिटांत उत्तर आले, ते त्याने मला जसेच्या तसे पाठवले: "काही टेन्शन नाही साहेब, फॉरमॅट मारून देतो."